फेअरी टेल आणि आपापलं गिल्ड – या, अनुभव लिहा

मधली_सुट्टी

काल भाच्याने टीव्हीवर काहीतरी लावलं आणि मला स्वयंपाकघरात ती बासरी-फिडलवाली धून ऐकू आली. फेअरी टेल, त्याच नावाच्या जादूगारांच्या संघावरचं (गिल्डवरचं) जपानी अ‍ॅनिमे! कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर आले तर भाचा म्हणतो, मावशी तुला हे माहितीये? अरे माहितीये काय, हॉस्टेलला आमच्या विंगेत एकीच्या हार्डडिस्कवर पहिले 175 भाग होते, 2013च्या मार्चमध्ये मालिका तिथेच थांबली होती आणि पुढचं कधी येणार यावर आम्ही सबमिशनपेक्षा जास्त चर्चा केलीये.

मला सगळ्यात लागलेला भाग वेंडीचा. छोटी पोर, ड्रॅगन आई सोडून गेलेली, केट शेल्टर गिल्डमध्ये वाढलेली. शेवटी कळतं की ते अख्खं गिल्डच खोटं, एका म्हाताऱ्याने ती एकटी पडू नये म्हणून जादूने उभी केलेली माणसं. आणि ती एकेक करून विरत जातात तिच्यासमोर. मग फेअरी टेलमधली एर्झा खांद्यावर हात ठेवते आणि तिला आपल्या गिल्डमध्ये घेऊन जाते. हे चालू असताना आमच्या विंगेतली एक मुलगी, आई लहानपणीच गेलेली, उठून गॅलरीत गेली. कोणी काही बोललं नाही. रात्री मेसमध्ये गुलाबजाम होते, प्रत्येकीने आपापला तिच्या ताटात टाकला, तिनेही मान खाली घालून सगळे खाल्ले आणि मग रात्रभर पोट धरून बसली, आम्ही पाळीपाळीने ओआरएस देतोय.

तर लिहा, रक्ताची नसलेली आपली माणसं तुम्हाला कुठे भेटली. अ‍ॅनिमे बघितलं नसेल तरी चालेल. स्पॉयलरसाठी भांडू नका, मालिका 2009ची आहे.

भाडेकरू_तिसरा_मजला

नायिका लूसीचं घरभाडं!! महिन्याला 70,000 ज्वेल (तिथलं चलन), आणि बिचारी दमून घरी येते तर हिरो नात्सू नी त्याचं मांजर हॅपी आधीच पलंगावर, दोस्त ग्रे उघडा बसलेला, एर्झा चहा पितेय. पुण्यात आमचा फ्लॅट डिट्टो हाच होता, किल्ली एकच आणि ती बाहेरच्या रॅकमधल्या फाटक्या बुटात, हे सगळ्या सदाशिव पेठेला माहीत. एकदा सकाळी उठलो तर शेजारच्या गादीवर अनोळखी माणूस घोरतोय. रूममेटच्या मित्राचा मित्र, एमपीएससीच्या पेपरला आलेला. दोन दिवसांसाठी आलेला तो पुढची परीक्षा होईपर्यंत राहिला. आता तहसील कचेरीत आहे, दर दिवाळीला त्याच्या आईचा चिवडा येतो, माझ्या सख्ख्या मावशीचा येत नाही.

चहाबाज

मेसमध्ये गुलाबजाम?? कुठलं कॉलेज हे? आमच्याकडे रविवारी श्रीखंड असायचं, ते वाटीतून प्यायचं.

मधली_सुट्टी

@चहाबाज महिन्यातून एकदाच हो, आणि मोजून एक.

पेठेतला_पैलवान

माझा फेवरेट गजील. फँटम लॉर्ड ह्या वैरी गिल्डचा असताना ह्या गड्यानं फेअरी टेलची इमारत फोडली, तिथली लेव्ही आणि तिच्या दोन दोस्तांना झाडाला ठोकून ठेवलं, आणि लढाई संपल्यावर फेअरी टेलचा म्होरक्या मकारोव्ह म्हातारा जाऊन त्यालाच आपल्यात घेतो. पयल्यांदा बघितलं तवा डोकं फिरलं होतं माझं. पण आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे तालमी-तालमीचं वैर, शाहू स्टेडियमला मॅच असली की पेठेत दोन दिवस कोण कुणाशी बोलत न्हाई. समोरच्या टीमचा एक बॅक होता, माझा गुडघा त्यानंच घालवलाय. पुढं २०२१ च्या पुरात आमच्या मामाच्या घरात पाणी शिरलं तर पयला तोच आला, फ्रिज एकट्यानं डोक्यावर घेऊन जिना चढला. तवापासनं आमच्यात बसतो. गुडघा अजून दुखतोय, त्याला रोज ऐकवतो, त्यो म्हणतो आणि एक पाय हाय की तुला. लेव्हीनं गजीलला कसं माफ केलं ते आता कळतंय थोडं थोडं, पण लेव्ही माझ्यापेक्षा लई मोठ्या मनाची.

ऋतुजा_के

गजील गिटार घेऊन स्टेजवर गातो 😂😂 बाकी काही आठवत नाही मला

तर्कटराव

एक विचारू का, राग मानू नका. मला ही मैत्रीची पॉवर झेपत नाही. हिरो मार खातो, पडतो, मित्र आठवतात, उठतो, जिंकतो. तीनशेअठ्ठावीस भाग हेच. मेलेलं माणूसही परत येतं, लिसाना घ्या.

मधली_सुट्टी

@तर्कटराव अर्धं पटतं. लिसाना परत आल्यावर मलाही फसवल्यासारखं वाटलेलं. पण मी लढाया बघतच नाही हो, मला लढाईनंतरची मोडलेली टेबलं आवडतात. कोणी कोणाला खुर्ची फेकून मारतंय, काना पिंपाने दारू पितेय, बोर्डावर कामाच्या चिठ्ठ्या, काउंटरवर मिराजेन शांतपणे हसतेय. पडल्यावर नात्सूला नेमकं हेच आठवत असणार ना.

तर्कटराव

बरं. काउंटरचं मान्य.

ऱ्हाईनकाठची

मी ड्युसेलडॉर्फला असते. इथे जपानी लोक भरपूर, अख्खा एक रस्ता जपानी दुकानांचा. नात्सूचा आवाज देणारा काकिहारा तेत्सुया ह्याच गावात जन्मला हे कळलं तेव्हा मी ऑफिसात ओरडलेच. नवीन होते, कोणी ओळखीचं नाही, थंडी. मे महिन्यात जपान-टागला (इथला जपानी उत्सव) एकटीच गेले तर नदीकाठी एर्झाचा वेश केलेली एक मुलगी पुठ्ठ्याचं चिलखत धरून उभी, पट्टा तुटलेला, मी पर्समधून सेफ्टी पिन काढल्या (आईची कृपा, पर्समध्ये डझनभर असतातच). तिने बदल्यात एर्झाचा आवडता स्ट्रॉबेरी केक खाऊ घातला, एर्झाने दुसरं काय द्यायचं! आता गणपतीला मोदक वळायला येते, वळता येत नाहीत, मोमो करते. मी माझ्या बाळंतपणात आईच्या व्हिसाची वाट बघत होते तेव्हा दवाखान्यात तीच होती. बाळ रडतंय, नंतर लिहिते

चहाबाज

@ऱ्हाईनकाठची मोमो मोदक 😂 फोटो टाका

वऱ्हाडी_ठेचा

सगळे नात्सू-लूसीचं लिहून राहिले, मी गिल्डात मागं राहिलेल्या मकाव अन् रोमिओकडून लिहितो. तेनरोऊ बेटावर गेलेले पोट्टे सात वर्षं गायब. त्यायले काहीच समजलं नाही, झोपले अन् उठले, वयबी तेवढंच. पण मागं राहिले त्यायचं काय बे? मोठी इमारत गेली, कर्ज झालं, लहानशा जागेत बसून राहिले, दुसऱ्या गिल्डचे लोकं येऊन टोमणे मारून जात. तरी पाटी नाही उतरवली.

मी गावातच राहलो. दहावीपासूनची आमची गँग, एकेक करून पुण्याले, बंगलोरले, एक तर थेट कॅनडात. गणपतीचं मंडळ आम्हीच सुरू केलं होतं. मंग मी अन् शेजारचा एक काका, दोघंच. पावती फाडाले मी, मांडव ठोकाले मी, आरतीत झांजाबी मीच. ग्रुपवर दरवर्षी "या वर्षी पक्का येतो बे". राग येत होता, खोटं कायले बोलू. लॉकडाऊनमध्ये सगळे घरी आले वर्क फ्रॉम होम करत, अन् येऊन असे बसले पारावर जसं काल संध्याकाळीच उठून गेले होते. एकानं तर आल्याबरोबर विचारलं, अबे तो ढोल कुठी ठेवला? मी म्हटलं जिथं तू फोडून ठेवला होता तिथीच. मंग दोन शिव्या दिल्या, बरं वाटलं.

भाडेकरू_तिसरा_मजला

@वऱ्हाडी_ठेचा भाऊ, हे वाचून मी आमच्या गावातल्या मंडळवाल्याला आत्ता पैसे पाठवले. खरंच. तीन वर्षांची वर्गणी.

वऱ्हाडी_ठेचा

पैसे नको पाठवू, मांडव ठोकाले जा 😀

लोकल_डबा_लेडीज

लॅक्ससचं कोणी लिहिलंच नाही. मकारोव्ह आजोबांनीच गिल्डमधून हाकललेला नातू, गर्दीत उभा राहून लपून मिरवणूक बघतोय आणि अख्खं गिल्ड त्याच्यासाठी बोट वर करतं, त्यानेच लहानपणी आजोबांना दाखवलेली खूण. तू दिसला नाहीस तरी आम्ही बघतोय. माझ्या आजोबांनी माझ्या लग्नानंतर बोलणं टाकलं होतं पण दर महिन्याला दळण आणि लोणचं दारात यायचं, कोण ठेवतंय विचारलं की आजी म्हणायची मला काय माहीत. घाटकोपर आलं उतरते

ऋतुजा_के

बाई गं. ऑफिसात वाचतेय आणि समोर मॅनेजर

नवखा_प्रेक्षक

मी काहीच बघितलं नाहीये पण आता बघायचंय. 328 भाग?? कुठून सुरू करू, काही गाळता येईल का? बायको म्हणते आधी माळा आवर.

तर्कटराव

125 ते 150 सोडा, मांगात (मूळ कॉमिकमध्ये) नाहीत. 2024चं हंड्रेड इयर्स क्वेस्ट (पुढची मालिका) सगळं संपल्यावर, ते 7 जुलैला सुरू झालं होतं, कथेत ड्रॅगन गायब झाले तीच तारीख.

मधली_सुट्टी

@तर्कटराव झेपत नाही म्हणणाऱ्याला तारखा पाठ! आणि ते भाग अजिबात सोडायचे नाहीत, लूसीच्या वडिलांच्या मागे राहिलेल्या वस्तूवरूनच ते सगळं सुरू होतं.

तर्कटराव

सव्वीस भाग ताई. सव्वीस. एका घड्याळासाठी.

पेठेतला_पैलवान

तर्कटराव तुमी आमच्या कट्ट्यावर या एकदा, तांबडा-पांढरा माझ्याकडनं. तितंच भांडू.