‘पार्टी उठली’ म्हणजे काय? आणि पाकिटावरचा गोलातला आर

लालबागची मसालेवाली
नमस्कार. दोन वर्षं घरून मालवणी मसाला करून विकतेय. आता मिरची थेट वाशीच्या मसाला मार्केटमधून आणायला लागले. आमच्या घरात आजवर कोणी धंदा केलेला नाही, त्यामुळे तिथली बोली विचारायला माणूस नाही. परवा दलाल म्हणाला, “ती पार्टी उठली, तिकडे ॲडव्हान्स देऊ नका.” दुसऱ्याने विचारलं, “पक्कं हवं की कच्चं?” तिसरा शेजारच्या गाळ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “तो डालडा माल आहे.” मिरचीत डालडा कुठून आला?
आणखी एक. पाकिटं छापणाऱ्याने नावाच्या डोक्यावर गोलातला आर टाकलाय. “टाकून देतो ताई, वजन पडतं,” म्हणाला. ५०० पाकिटं छापून आली आहेत. चालेल का?

जुना मेहताजी
ताई, मस्जिद बंदरला मसाल्याच्या पेढीवर २८ वर्षं वह्या लिहिल्या, म्हणून सांगतो. उठली म्हणजे बुडाली. देणी थकवून दुकानाला कुलूप. गुजराती व्यापारी ‘उठमणुं’ म्हणतात, त्यातलंच हे. हा शब्द आला की पेढीवर सगळे गप्प व्हायचे, कारण प्रत्येक जण मनात आपली उधारी मोजत असायचा. आमच्या शेठजींची एकदा पावणेतीन पेटी अशीच अडकली. (पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी.) त्यातला एक रुपया परत आला नाही. त्या दलालाने तुमचं भलं केलंय, त्याला धरून राहा.
पक्कं म्हणजे जीएसटीचं बिल, कच्चं म्हणजे नुसती चिठ्ठी. थोडं स्वस्त पडतं म्हणून चिठ्ठीवर माल उचलू नका. उद्या मिरचीत रंग निघाला तर चिठ्ठी हातात धरून भांडता येत नाही.
डालडा हा वनस्पती तुपाचा ब्रँड, १९३७ पासूनचा. साजूक तुपाऐवजी तो स्वस्तात मिळायचा, म्हणून जे अस्सल नाही ते डालडा. बिचाऱ्या कंपनीने नाव कमावलं आणि लोकांनी त्याची शिवी केली.

अँटॉप हिलच्या ट्रेडमार्क ऑफिसला चकरा मारलेला
तो आर आजच झाका. ट्रेडमार्क रजिस्टर झाल्यावरच तो लावता येतो. त्याआधी लावणं १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १०७ खाली गुन्हा ठरतं आणि जबाबदारी छापणाऱ्यावर ढकलता येणार नाही, माल तुमच्या नावाने विकला जातोय. तोवर टीएम लिहा, त्याला नोंदणी लागत नाही.
ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग पाडलेले आहेत, मसाले वर्ग ३० मध्ये येतात. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४५०० रुपये. अर्ज ट्रेडमार्क ऑफिसच्या जर्नलमध्ये छापून आला की हरकतीसाठी चार महिने. नोंदणी मिळाली की दहा वर्षं, मग नूतनीकरण. मात्र ‘मालवणी’, ‘अस्सल’, ‘झणझणीत’ असले शब्द सहसा एकट्याच्या नावावर होत नाहीत. नाव वेगळं शोधा.

लालबागची मसालेवाली
खूप आभार. आर झाकायला लेबलं आणते. ॲडव्हान्सचे पैसे घरीच आहेत, देवाची कृपा. मेहताजी, तुमच्या वेळी ट्रेडमार्क वगैरे बघायचे का हो?

जुना मेहताजी
आम्ही मार्का म्हणायचो. पोत्यावर पत्र्याचा साचा धरायचा आणि वरून काळ्या शाईचा कुंचला फिरवायचा. आमचा मार्का त्रिकोणात दोन अक्षरं. कित्येक हमालांना वाचता येत नव्हतं, पण गोणी कोणत्या थप्पीला लावायची ते मार्का बघून अचूक ओळखायचे. रिकामं बारदान विकायला काढलं की शेठजी स्वतः उभे राहून प्रत्येक त्रिकोणावर शाईचा पट्टा मारून घ्यायचे. आपल्या मार्क्याच्या पोत्यात दुसऱ्या कोणी हलकी मिरची भरून विकू नये म्हणून.