एमआरआय नको म्हणाले, मग प्रकाशाने मेंदू बघतात ते काय असतं?

इंदिरानगरची_मावशी:
नमस्कार मंडळी. नाशिकला असते. बहिणीच्या मुलाला, साडेचार वर्षांचा आहे, दीड वर्षापूर्वी कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून कानात बसवतात ते यंत्र) बसवलंय. हाक मारली की वळतो, पण शब्द मोजकेच आणि आवाज मेंदूपर्यंत नीट पोचतोय का याचाच आम्हाला घोर लागलाय. एमआरआयचं विचारलं तर इम्प्लांटमध्ये मॅग्नेट आहे, उगाच नको म्हणाले डॉक्टर. आता वाचलं की टोपी घालून नुसत्या प्रकाशाने मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते कळतं. कवटीतून प्रकाश जातो?? लेकराला त्रास नाही ना होत?

सर्किटवाला_अंबड:
जातो ताई. लाइट गेल्यावर टॉर्चवर बोटं धरून बघा, लालभडक दिसतात. कोरोनात बोटाला लावायचो तो ऑक्सिमीटर पण याच भाऊबंदातला. 1977 मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या फ्रान्स योब्सिस यांनी दाखवलं की लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश डोक्यातून आत जाऊन परत येतो आणि त्यावरून मेंदूतल्या ऑक्सिजनचा अंदाज बांधता येतो. टोपीत एकीकडून प्रकाश सोडतात, साधारण 3 सेंटिमीटरवर सेन्सर असतो, आणि कसारा घाटात धुक्यात हेडलाइट कसा पसरतो तसा तो आत पसरतो, त्यातला अगदी थोडा मेंदूच्या वरच्या थराला शिवून बाहेर येतो. जो भाग कामाला लागला तिकडे रक्त जास्त धावतं, आणि ऑक्सिजन असलेलं नि सोडलेलं रक्त प्रकाश वेगवेगळा शोषतं, तो फरक मोजायचा. म्हणजे दिसतं ते रक्त, तेही काही सेकंद उशिरा, आणि खोलवरचं तर काहीच नाही. प्रकाश मंद असतो, रेडिएशनची भीती नाही. तान्ह्या बाळांवरही वापरतात.

लांब_वेणी:
पुण्यात शिकताना मी अशा प्रयोगाला बसले होते. दुखत काहीच नाही पण आपले दाट काळे केस प्रकाश खातात, त्यामुळे प्रत्येक सेन्सरखालचे केस बाजूला करत बसावं लागतं, माझा अर्धा तास त्यातच गेला. तुमच्या पिल्लाला तेवढं बसवणं अवघड जाईल.

श्रवण_थेरपी_नाशिकरोड:
ताई, इम्प्लांटच्या मुलांसाठी या तंत्रावर संशोधन चालू आहे कारण मॅग्नेटची अडचण येत नाही, मशीनचा आवाज नाही आणि मेंदूतला ऐकण्याचा भाग कानाच्या वरच असतो, प्रकाशाच्या टप्प्यात. पण इम्प्लांटची कॉइल, म्हणजे बाहेरून डोक्याला लावायची चकती, तिथेच जवळ चिकटते, सेन्सरला जागा उरत नाही. आणि एकेका मुलाचं निदान करावं इतकं ते अजून पक्कं नाही, म्हणून त्याच्यामागे धावू नका. तो साडेचारचा असला तरी ऐकण्याचं वय दीडच वर्ष धरायचं. शेवटचं मॅपिंग कधी झालं? मेंदूचं नाही, प्रोसेसरचं, म्हणजे बाहेरून कानावर घालतो त्या यंत्राचं, सेटिंग म्हणतेय. आणि दिवसात किती तास घालतो?

इंदिरानगरची_मावशी:
मॅपिंगला सहा महिने होऊन गेले. घरी घालतो, पण बालवाडीत बाई दुपारी काढून ठेवतात, हरवेल म्हणून. बहिणीला ते चालतंय असंच वाटत होतं.

श्रवण_थेरपी_नाशिकरोड:
नाही चालत ताई. झोप आणि आंघोळ सोडून पूर्ण वेळ पाहिजे. कपड्याला अडकवायची क्लिप मिळते, ती बाईंना दाखवा. बऱ्याच प्रोसेसरमध्ये रोज किती तास घातला याची नोंद होते, मॅपिंगला जाल तेव्हा ती काढून मागा.

इंदिरानगरची_मावशी:
उद्या सकाळीच बहिणीला घेऊन बालवाडीत जाते.