गोळ्या खाणारे सगळे आळशीच का?

कृष्णाकाठ: काल इथं एका सातारकरानं लिहिलं, 'बीपी, शुगर, थायरॉईड हे आळसाचे आजार. पहाटे अजिंक्यतारा गड चढा, गोळ्या सुटतील.' डोकंच फिरलं. माझ्या आईचा उभा जन्म वाळव्यात शेतातलं तण काढत, भांगलणीत गेला. आज तिच्या पिशवीत बीपी, शुगर आणि गुडघ्याच्या गोळ्या, तीन डॉक्टरांच्या. गुडघ्याच्या गोळीनंच बीपी चढतंय, हे कळायला तिसरा डॉक्टर लागला. यात आळस कुठला?

पहाटवारा: ती पोस्ट माझीच. थायरॉईडचं सोडून द्या, बाकी ठाम आहे. भांगलण कष्ट आहेत, व्यायाम नव्हे. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत हवं. लोणचं-पापड किती खातात? तंबाखूची मिश्री लावतात का?

कृष्णाकाठ: लावते. बांधावर भूक मारायला लागली ती सवय, हौसेनं नाही.

कडेगावचा मोटारवाला: झोपेचं कुणी बोलत नाही. शेतीची लाईट रात्रपाळीला आली की दोन वाजता बॅटरी घेऊन पिकाला पाणी पाजायला, दारं धरायला जायचं, वर बिबट्याची भीती. भावाला चाळिशीतच बीपी, मागनं शुगर. दिवसा लाईट द्या, मग व्यायाम शिकवा.

पलूसचा पाव्हणा: आधी तारेवरचे वीजचोरीचे आकडे काढा, लाईट पुरेल.

कडेगावचा मोटारवाला: आकडा कुणाचा? नाव घेऊन बोला!

पलूसचा पाव्हणा: मग दर उन्हाळ्यात तुमचा डीपी, लाईटीचा ट्रान्सफॉर्मर, का जळतो?

मिरजेची सिस्टर: डीपी बाजूला ठेवा. 2012 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्कॉटलंडचा अभ्यास आला होता. गरीब वस्त्यांत एकापेक्षा जास्त आजार 10 ते 15 वर्षं आधी गाठतात. तिथं तर डॉक्टरची फीसुद्धा नाही.

पहाटवारा: स्कॉटलंड राहू दे. आमच्या कॉलनीतल्या बंगलेवाल्यांना का होतं मग? आणि आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या फुकट मिळतात की.

मिरजेची सिस्टर: बंगलेवाल्यांना होतं, पण उशिरा, आणि औषध परवडतं. फुकट गोळी आणायला दिवसाची मजुरी बुडवावी लागते, शिवाय कधी संपलेली असते. मग बायका शुगरची गोळी अर्धी मोडून खातात, महिनाभर पुरावी म्हणून. नवऱ्याची मात्र अख्खी.

कृष्णाकाठ: आमच्या आईचं हेच. डब्यात अर्धुकं सापडलं तेव्हा कळलं.

पहाटवारा: बरं बाबा, रात्री दारं धरणाऱ्यांना गड माफ. मिश्री मात्र माफ नाही.

कडेगावचा मोटारवाला: माफ करायला गड तुमच्या सातबाऱ्यावर आहे का? आणि पाव्हणं, आकड्याचं अजून सांगितलं नाही तुम्ही.