भोगवे किनाऱ्यावर पोहायचंय: काय घेऊ, कधी उतरू?

तलावातला_मासा: डिसेंबरात मी आणि मेहुणा दोन दिवस भोगव्याला जातोय. तलावात सलग किलोमीटर होतो, समुद्रात कधी उतरलो नाही. सकाळी आठला गर्दी नसते म्हणून तीच वेळ धरलीये. कमरेला बांधायचा नारिंगी फ्लोट घेऊ का? बजेट 1500.

खारट: फ्लोट सोड, घड्याळ घे. माझं 38 हजारांचं आहे. मालवणला चिवल्याच्या स्पर्धेत दोनदा उतरलोय, फ्लोटबिट काही नव्हतं.

तलावातला_मासा: दादा, 1500.

शहाळं: स्पर्धेत बाजूला होड्या असतात, खारटराव. भोगव्याला कोण असणार? फ्लोट घेच. पण तो बुडण्यापासून वाचवत नाही, फक्त लांबून दिसतोस. माझा दुसऱ्याच दिवशी फुसकन बसला.

कर्लीकाठ: मी तिथलोच. उत्तरेक कर्ली नदीचा तोंड आसा, थंय जाव नको. ओहोटी लागली की खाडीचं सगळं पाणी तिथून बाहेर पडतं, तलावातला किलोमीटर तिथे उपयोगाचा नाही. आणि लाटा फुटत असताना मधेच एखादा पट्टा गुळगुळीत दिसला तर तिथे उतरू नको, ओढ तिथेच असते. सापडलास तर किनाऱ्याकडे झटू नको, आडवा पोहत बाजूला हो, मग आत ये.

पंचांगकाका: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. दशमी असेल तर साडेसात.

खारट: काका, हे मोबाइलवर दिसतं हो.

पंचांगकाका: तिथे रेंज असते का?

शहाळं: हिशोब ढोबळ आहे, तासभर इकडेतिकडे होतं. तक्ता बघा.

तलावातला_मासा: काका, दशमीच आहे!

मावशी_रत्नागिरी: फ्लोट घ्याच. आणि वाळूत पाय उचलून टाकू नका, घासत चाला. पाकट वाळूत लपून बसतं, पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. माझ्या भावाला लागला होता. गरम पाण्यात पाय बुडवून बसला तेव्हा कुठे कळ कमी झाली.

खारट: पाकटाचं कालवण मात्र फक्कड होतं.

मावशी_रत्नागिरी: ओला नारळ घालून की सुकं खोबरं?

शहाळं: झालं, धागा स्वयंपाकघरात गेला. मासेभाऊ, सकाळीच उतरा, तेव्हा समुद्र सपाट असतो. आणि 1554 नंबर मेहुण्याच्या फोनमध्ये टाका, तटरक्षक दलाचा आहे.

कर्लीकाठ: सपाट असतो कारण मतलई वारा जमिनीकडून वाहतो. गेल्या वर्षी पाहुण्यांची हवेची ट्यूब त्याच वाऱ्यावर गेली. पोर त्यात नव्हतं, नशीब. पण फ्लोट बांधून, मेहुणा काठावर ठेवून, कमरेएवढ्या पाण्यात चालेल सकाळी.

तलावातला_मासा: सगळ्यांचे आभार. ठरलं: सकाळी नाही, दुपारी चारला उतरणार. काकांच्या हिशोबाने साडेसातनंतर ओहोटी, वर मतलई, म्हणजे दोन्ही मला बाहेर ढकलणार. चारला पाणी चढतं असेल आणि खारा वारा किनाऱ्याकडे. फ्लोटही नाही घेत. छातीच्या वर पाणी आलं की परत फिरायचं, किनाऱ्याला समांतर पोहायचं, खाडीपासून लांब. मेहुणा शिट्टी घेऊन काठावर. 1500 चे मासे खाऊ.

शहाळं: चारला पाणी खवळलेलं असतं, चार घोट पोटात जातील. आणि फ्लोट घ्या हो.

पंचांगकाका: एकादशीला सव्वाआठ. दुसऱ्या दिवसासाठी सांगून ठेवतो.