गाणं तुमच्यापर्यंत कुणी आणलं? सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा

कोरेगावकर
मंडळी, २००० नंतर गाण्यात काय काय बदललं यावर पुण्या-मुंबईची माणसं भरपूर लिहितात पण त्यात आपल्या भागातली गोष्ट येत नाय. आपल्याकडं मोठ्या गायकाचे शो क्वचित व्हायचे, पब-बिब तर नव्हतेच, तरी प्रत्येक नवं गाणं आपल्यापर्यंत आलंच ना? आणि ते कुणीतरी आणलं. वडापवाल्यानं (म्हणजे शेअर जीपवाल्यानं), मोबाईल शॉपीवाल्यानं, बेंजोवाल्यानं, होस्टेलच्या रूममेटनं. मला त्या माणसाविषयी ऐकायचंय. अमका गायक भारी का तमका यावर भांडण नको, ते रोजच चालतं.

सुरुवात मी करतो. आमच्याकडं 'ऐका दाजीबा' आणलं ते सातारा-कोरेगाव वडापच्या एका ड्रायव्हरनं. २००२ सालातली गोष्ट. शाळेची पोरं पुढं त्याच्या शेजारी दाटीवाटीनं बसायची, एकाचा गुडघा गिअरला लागायचा, आणि डोक्यावरच्या पट्टीत त्यानं कॅसेटी खोचलेल्या असायच्या, त्यांच्यावर निळ्या पेनानं नावं. वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते ही नावं मी आधी त्या पेनाच्या अक्षरात वाचली, टीव्हीवर नंतर बघितली. तोपर्यंत मराठी गाणं म्हणजे घरात सकाळी रेडिओवर लागायचं ते, आणि गाडीत हिंदी. मराठी गाण्याला असला ठेका असू शकतो आणि ते जीपमध्ये मोठ्यानं लावता येतं, हे आम्हाला त्या माणसानं दाखवलं. मागं बसलेल्या बाजाराच्या बाया पण "लाव रं परत" म्हणायच्या. मी अजून मानतो की आपल्याकडच्या नव्या गाण्याची सुरुवात तिथनं झाली.

स्टँडजवळची शॉपी, सांगली
दादा धागा लय भारी काढला. मी तो मोबाईल शॉपीवाला. एसटी स्टँडच्या बाजूला दुकान, बाहेर पाटी "येथे मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील", आत एक कॉम्प्युटर आणि कार्ड रीडर. फोल्डर मी स्वतः लावलेले, लव्ह, सॅड, डीजे, भक्ती, लावणी, भीमगीतं, आणि एक फोल्डर नुसता "ट्रॅक्टर". उसाचा सिझन चालू झाला की ड्रायव्हर पोरं यायची, त्यांना रात्रभर कारखान्याच्या नंबरात थांबायचं असतं, दोन ट्रॉल्या घेऊन झोप न लागता गाडी चालवायची असते, तर त्यांना बेसवाली गाणी लागायची, हळू गाणं चालायचंच नाय. त्यात हिंदी, मराठी, कन्नड सगळं एकत्र, कारण जत भागातनं येणाऱ्याला कन्नड पाहिजेच.

गिऱ्हाईक गाण्याचं नाव कधीच सांगत नव्हतं. गुणगुणून दाखवायचं. एक आजोबा, धोतर-टोपी, काउंटरला हात टेकून माझ्या कानाशी येऊन हळू आवाजात 'जीव रंगला' गुणगुणले, शब्द एकही बरोबर नाही पण सूर बरोबर. मी जोगवा सिनेमाचं फोल्डर उघडून लावलं तर डोळे मिटून पूर्ण ऐकलं, मागं रांग लागलेली, कुणी एक शब्द बोललं नाय. त्या गाण्यासाठी हरिहरन आणि श्रेया घोषाल दोघांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच सिनेमाच्या संगीताचा अजय-अतुलना मिळाला, हे मी नंतर दुकानात येईल त्याला सांगत बसायचो.

२०१३ ला आशिकी २ आला आणि सॅड फोल्डर अरिजित सिंगनं भरून गेला. मग २९ एप्रिल २०१६ ला सैराट. त्या उन्हाळ्यात कार्ड भरायला आलेला माणूस सैराटशिवाय परत गेला असं झालं नाय. आणि त्याच वर्षी सप्टेंबरला जिओ आलं, नेट फुकट, सगळे यूट्यूबवर, दिवाळी गेली आणि कार्ड घेऊन येणारं कोण उरलं नाय. आता मी कव्हर आणि स्क्रीनगार्ड विकतो. धंदा बरा चाललाय पण काउंटरवर येऊन गुणगुणणारी माणसं गेली ती गेलीच.

बेंजो मास्तर, कराड तालुका
शॉपीवाले दादा, तुमच्यासारख्याच एका दुकानातनं मी गाणी भरून आणायचो आणि रात्री बसवायचो. आमची बेंजो पार्टी वडिलांच्या काळापासनं. ज्यांना माहीत नाय त्यांच्यासाठी, आमचा बेंजो म्हणजे बुलबुलतरंग, तारांवर टाईपरायटरसारखी बटणं, डाव्या हातानं बटण दाबायचं आणि उजव्या हातानं पट्टीनं तार छेडायची, पिकअप लावून आवाज स्पीकरला. जोडीला कीबोर्ड, ताशा, ढोलकी, नंतर ऑक्टोपॅड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम, आला.

आमच्या पार्टीला दिवस दाखवले कोंबडी पळालीनं. आनंद शिंदेंचा आवाज आणि वैशालीताईंचा, जत्रा सिनेमा. ती चाल बेंजोवर अशी बसते की बोटं आपोआप पळतात. वरात दारात येऊन थांबली की आधी तीच फर्माईश. मग २०१२ ला अग्निपथमध्ये तीच चाल चिकनी चमेली म्हणून हिंदीत गेली, अजय-अतुलनीच दिली, तेव्हा वरातीत आलेली पुण्याची पाहुणी पोरं हिंदी म्हणून नाचायची आणि आमची गावची मराठी शब्द ओरडायची, एकाच वेळी, एकाच चालीवर! मी वाजवता वाजवता बघायचो, लय समाधान वाटायचं. नटरंग आला २०१० च्या १ जानेवारीला, त्यातली अप्सरा आली वाजवायला अवघड, तिच्यातल्या हरकती बेंजोच्या बटणावर निघत नाहीत, तिथं मी कीबोर्डवाल्याला पुढं करायचो.

झिंगाटचं सांगतो. सैराटच्या गाण्यांना हॉलिवूडच्या स्टुडिओत मोठा ऑर्केस्ट्रा बसवून रेकॉर्डिंग केलं होतं. एवढी व्हायोलिनं आणि पितळी वाद्यं, आणि आम्ही सहा जण टेम्पोत. बाकीच्या गाण्यांत ते जाणवायचं, याड लागलंची सुरुवात आमच्याकडनं कधीच तशी झाली नाही आणि होणार पण नाही. पण झिंगाटचा जीव हलगीच्या अंगाच्या ठेक्यात हाय, आणि हलगी आमच्या घरची. कीबोर्डवर पितळी आवाज लावला, ताशा नि हलगी पुढं घेतली की लोकांना काय कमी पडलं असं वाटायचं नाय. त्या सिझनला एका वरातीत तेच गाणं परत परत वाजवायला लागायचं, हाताला फोड यायचे.

पुढं डॉल्बी वाढली आणि आमच्या सुपाऱ्या गेल्या. लग्नाच्या तारखेला मोबाईल समोर ठेवून बसायचं आणि फोन यायचा नाय. आता पोलीस परवानगी, डेसिबल असं सगळं झाल्यावर काही गावं परत बेंजो आणि झांजपथक सांगायला लागलीत. माझा पोरगा ऑक्टोपॅड वाजवतो. बेंजो शिकायला बस म्हणतो त्याला, बघू.

पेठेतली सून, सातारा
मास्तर, तुम्ही डॉल्बीचं काढलंत म्हणून मी लिहिते. मला गाणी आवडतात, मिरवणूक पण आवडते. पण आमच्या सासऱ्यांची बायपास झाली त्या वर्षी विसर्जनाला आमच्या बोळाच्या तोंडाशी भिंतीएवढं डॉल्बी उभं होतं, कपाटातली भांडी वाजत होती आणि सासरे छातीवर हात ठेवून आतल्या खोलीत बसलेले. नियमाप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि एरवी रात्री दहानंतर बंद. ५५ म्हणजे साधारण दोन माणसं बोलतात तेवढा आवाज. मी मंडळाच्या पोरांकडे गेले, त्यांना घरी आणून सासऱ्यांसमोर उभं केलं. त्यांनी गाडा पुढं घेतला, हे पण सांगायला हवं. पुढच्या वर्षी त्याच मंडळानं ढोल-ताशा आणला. ढोलाचा आवाज पण मोठाच असतो, पण मधे थांबतो आणि माणसाचा हात दमतो. डॉल्बी दमत नाही.

मिरजेची
आमच्या घरात तंबोरे होतात, मिरजेत त्याची गल्लीच आहे, आता मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पण मिळाला. त्यामुळे नवीन गाण्यांना घरात फार मान नव्हता. तो मिळाला सारेगमप लिटिल चॅम्प्समुळे, २००८-०९. तेव्हा लोडशेडिंग जबरदस्त, आमची लाईट नेमकी कार्यक्रमाच्या वेळेला जायची मग शेजारच्या काकूंच्या इन्व्हर्टरवर अर्धी गल्ली. कार्तिकी, आर्या, प्रथमेश, मुग्धा, रोहित, एकेकाचं गाणं झालं की आजोबा "जवारी छान लागलीय पोरीची" म्हणायचे. जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीला घासून घासून तारेचा तो झंकार काढतात ते काम, ते दिवसभर तेच करायचे, आणि गळ्याला तो शब्द लावलेला मी त्यांच्याकडून तेव्हाच ऐकला. जज म्हणून अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत, म्हणजे कोरेगावकरांच्या कॅसेटवरची जोडी! आळंदीची कार्तिकी जिंकली त्या रात्री आजोबांनी पेढे आणायला लावले. दुसऱ्या महिन्यापासून माझ्या आत्याच्या हार्मोनियम क्लासला मुलं मावेनात. त्यातल्या एक-दोन मुली आज गाण्यावरच पोट भरतात, आणि रियाजाला मोबाईलवरचा तंबोरा लावतात. आजोबा असते तर रागावले असते, मला मात्र त्या गातात याचंच जास्त कौतुक आहे.

विट्याचा
आमचा किस्सा वेगळाय. आमच्या खानापूर-आटपाडी भागात घरटी कोणतरी गलाईच्या धंद्यात, सोनं-चांदी गाळायची दुकानं तामिळनाडू, केरळ, कुठं कुठं. माझे चुलते कोईमतूरला. यात्रेला सगळी गावाकडं येणार, आणि चुलतभावांच्या मोबाईलमधी तमिळ गाणी. २०११ च्या शेवटाला कोलावरी डी सगळ्या देशात गाजलं तेव्हा आमच्याकडं त्याचं नवल नव्हतं, धनुष कोण हे आमच्या आज्जीला माहीत होतं, नातवंडं तिकडनं पोस्टर आणायची ना. ते गाणं ज्यानं केलं तो अनिरुद्ध तेव्हा पोरगाच, पहिलाच सिनेमा. ब्लूटूथनं एक गाणं यायला चार-पाच मिनिटं लागायची, दोन मोबाईल कट्ट्यावर एकमेकाला चिकटवून ठेवायचो आणि कुणी हलवला की शिव्या. शब्द कळत नव्हते, चुलतभाऊ ओळ थांबवून मराठीत अर्थ सांगायचा.

फौजी, सातारा
विटेकर, तसंच आमच्या युनिटला. पंजाबची पोरं होती, त्यांनी मला पंजाबी गाण्यांचं वेड लावलं, नुसतं नाचायचं नाय तर सिद्धू मूसेवालाची गाणी बसून समजावून सांगायची. २०२२ च्या मे महिन्यात त्याची हत्या झाली त्या रात्री बराकीत कुणी गाणं लावलं नाय. आणि मी त्यांना दिलं मल्हारवारी. बर्फात शेकोटीभोवती सहा फुटी सरदार "येळकोट येळकोट" म्हणत होते. पालीच्या खंडोबाचा माणूस मी, अंगावर काटा आला.

निळी पाखरं, तासगाव भाग
१४ एप्रिलला आमच्या वस्तीवर प्रल्हाद शिंदे, मग आनंद शिंदे, मग आदर्श शिंदे, तीन पिढ्यांचे आवाज एकाच स्पीकरवर. पण मला सांगायचंय कडूबाई खरातांविषयी. मराठवाड्यातली बाई, हातात एकतारी, कुणीतरी मोबाईलवर शूट केलं आणि व्हॉट्सॲपवर गावोगाव गेलं. माझ्या आईनं ते द्राक्षाच्या बागेत विरळणी करताना ऐकलं, मोबाईल वेलीच्या तारेला अडकवून. आई स्वतः ओव्या गाते, पण चारचौघात कधी नाही. त्या वर्षी जयंतीला माईक घेतला आणि गायली. मोठी कंपनी नाही, स्टुडिओ नाही, आणि एका बाईचं गाणं दुसऱ्या बाईच्या तोंडी आलं. या शतकात गाण्यात काय झालं विचाराल तर मी हेच सांगणार.

होस्टेल, विश्रामबाग
लिंकिन पार्क, अमेरिकेचा रॉक बँड. पेनड्राईव्हवर, लातूरच्या रूममेटनं. २०१७ ला त्यांचा गायक चेस्टर गेल्याचं कळलं तेव्हा सगळ्या बॅचचा ग्रुप बऱ्याच वर्षांनी जागा झाला.

वाईची मावशी
माझ्या नातीनं आणलं. २०२४ ला गुलाबी साडी आलं, संजू राठोड म्हणून जळगावकडचा मुलगा आहे, स्वतः लिहितो नि गातो. नातीनं माझ्याकडून रील करून घेतलं, घाटावर. माझी साडी जांभळी होती, तिला चाललं. मला त्या मुलाचं कौतुक वाटतं, साडी, टिकली अशा आमच्या गोष्टी गाण्यात आणल्या आणि जगभरची माणसं त्यावर नाचली.

कोरेगावकर
सगळ्यांचं वाचलं, परत परत वाचलं. मास्तर, तुमच्या पोराला बेंजोवर एक तरी गाणं बसवायला लावा आणि इथं सांगा. विटेकर, यात्रेला आता काय वाजतं तुमच्याकडं?

विट्याचा
आता चुलतभावांनी काही आणायची गरज उरली नाय, सगळ्यांकडं सगळं असतंय. पण २०२३ ला जवान आला, संगीत अनिरुद्ध, तेव्हा गावातली पोरं मलाच सांगायला लागली की हा कोण नवीन भारी संगीतकार. मग बसवली सगळ्यांना पारावर आणि कोलावरीपासनं लावत आलो, अर्थासकट, रात्री उशिरापर्यंत. चुलतभाऊ व्हिडिओ कॉलवर होता.

बेंजो मास्तर, कराड तालुका
कोरेगावकर, पोरगा म्हणतोय गुलाबी साडी बसवतो. मावशी, तुमच्या नातीचं लग्न ठरलं की कळवा, सुपारी नको, आम्ही येतो.