'डिमांड ऑफ अनियन' : पाठांतर कमी पडतंय की समज?

गोदाकाठची
नाशिकमध्ये नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. वह्या तपासताना एक चूक पानोपानी भेटते. 'कांद्याची मागणी'चं मुलं 'डिमांड ऑफ अनियन' करतात, 'उशिराचं कारण' म्हणजे 'रीझन ऑफ डिले' आणि 'समस्येवर उपाय' म्हणजे 'सोल्यूशन ऑन प्रॉब्लेम'. चा-ची-चे दिसलं की ऑफ, 'वर' दिसलं की ऑन. खरं तर डिमांड आणि रीझनपुढे फॉर हवं, सोल्यूशनपुढे टू. माझं ठाम मत आहे की इथे नियम शोधत बसू नये. रीझनला फॉर लागतं आणि जवळपास त्याच अर्थाच्या कॉजला ऑफ. याला काय तर्क लावणार? नवं नाम वहीत उतरवताना त्याचं प्रीपोझिशनही सोबत लिहावं आणि सगळं एकत्र पाठ करावं.

सातपूरकर
साफ असहमत. आमच्या कारखान्यातून परदेशी ग्राहकांना रोज मेल जातात. 'डिमांड ऑफ' वाचून कुणाचा घोटाळा झालेला मी पाहिला नाही. कांदा स्वतः काही मागत नाही, हे वाचणाऱ्याला कळतं. मराठी माध्यमातलं पोर आधीच बिचकत इंग्रजी लिहितं. त्यात प्रत्येक 'ऑफ'भोवती लाल गोल केला तर ते लिहिणंच सोडेल.

पिंपळगावकर
कांदा मागत नाही, पण शेतकरी मागतो ना? 'डिमांड ऑफ फार्मर्स' म्हणजे शेतकऱ्यांनी केलेली मागणी. 'डिमांड फॉर फार्मर्स' म्हणजे शेतकरी हवे आहेत. मराठीत दोन्हीकडे 'ची' चालतं, इंग्रजी तिथे वाट बदलते.

आणि भावाचं बघा. द्राक्षाच्या व्यवहारात हे रोजचं आहे. भावातली वाढ म्हणजे 'राइज इन प्राइस'. पण 'राइज ऑफ २० रुपीज' म्हणजे किलोमागे वीस रुपयांनी वाढ आणि 'राइज टू २० रुपीज' म्हणजे भाव वीसवर पोचला. साठचा भाव ऐंशी झाला असताना ऑफच्या जागी टू लिहिलं, तर समोरचा पुन्हा विचारणारच. बँकेतही तेच, कर्जावरचं व्याज 'इंटरेस्ट ऑन लोन' आणि गाण्याची आवड 'इंटरेस्ट इन म्युझिक'. सातपूरकर, हे मार्कांपुरतं नाही हो.

वाचनवेडा
अर्थाबद्दल पिंपळगावकरांशी सहमत, पण बाईंच्या पाठांतराला माझा विरोध आहे. नामांचे गट पडतात. चढउताराची नामं इन घेतात: इनक्रीज, राइज, फॉल, ड्रॉप, चेंज. हवं-नकोची फॉर घेतात: डिमांड, नीड, रिक्वेस्ट, डिझायर. कशाला तरी सामोरी जाणारी टू घेतात: आन्सर, रिप्लाय, सोल्यूशन, ऑब्जेक्शन. गट एकदा मनात बसला की नवा शब्द आपोआप त्यात जातो.

१९८६ साली निघालेला बीबीआय शब्दकोश अशा जोड्यांसाठीच रचलेला आहे. त्यात ऑफ घेणारी बहुतेक नामं वगळली आहेत, कारण तिथे ऑफ गृहीतच धरता येतं. म्हणजे मुलांचा ऑफकडे जाणारा कल मुळात चुकीचा नाही. ऑफ कुठे चालत नाही तेवढंच शिकवा.

गोदाकाठची
गट मीही सांगते, पण ते गळतात. नीडला फॉर, मग त्याच्या शेजारच्या लॅकला ऑफ का? होपपुढे तर ऑफही येतं आणि फॉरही. शिवाय क्रियापद आणि नाम वेगळे वागतात. 'वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम' यात मध्ये काही नको, पण 'डिस्कशन'पुढे ऑन, ऑफ किंवा अबाउट लागतं. मुलं नामाचं अबाउट क्रियापदाला लावतात आणि 'डिस्कस अबाउट' तयार होतं. गटाचा नियम इथे कसा पुरणार?

सातपूरकर
'राइज ऑफ' आणि 'राइज टू' मान्य. जिथे अर्थ बदलतो तिथे गोल करा, मार्कही कापा. पण 'रीझन ऑफ डिले'ला नको. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी दहावीचं पोर चार वाक्यं सलग लिहायला घाबरतं. आधी ती भीती जाऊ द्या.

गोदाकाठची
भीती मलाही दिसते. म्हणून निबंधात अशा चुकीला मार्क कापत नाही, बाजूला बरोबर जोडी लिहून देते. व्याकरणाच्या प्रश्नात मात्र कापणार. तिथे विचारलेलंच ते असतं.