कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला : आमच्या पॅन-आधारचे काय?

प्रश्न : मी पुण्याजवळील एका कारखान्यात नोकरीला आहे. रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर) हल्ल्यानंतर बॅकअपवरून काम सुरू झाले असले, तरी पगारपत्रके, पॅन-आधार आणि रद्द केलेल्या धनादेशांच्या प्रती चोरीला गेल्याचे कंपनीने काल तीन ओळींच्या ईमेलने कळवले. आता धोका उरतो का?

प्रतिसाद १ : उरतो. बॅकअपमुळे कंपनीचे काम परत येते, चोरलेल्या प्रती परत येत नाहीत. २०२३ मध्ये क्लॉप या हॅकर टोळीने मूव्हइट या फाइल पाठवण्याच्या प्रणालीतील त्रुटी वापरली, तेव्हा झेलिस या पगारसेवा कंपनीमार्फत बीबीसी आणि ब्रिटिश एअरवेजच्या कर्मचाऱ्यांची माहिती गेली. फाइली कुलूपबंद न करताही प्रसिद्धीची धमकी पुरेशी ठरली.

प्रतिसाद २ : यूआयडीएआय या आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आधारचे बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) आजच लॉक करा, आणि न घेतलेले कर्ज आपल्या नावावर दिसते का, हे क्रेडिट रिपोर्टमध्ये तपासा. पैसे गेल्यास १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर लगेच कळवा. फोनवरील व्यक्तीने पगाराचा अचूक आकडा सांगितला, तरी ती एचआरमधलीच आहे असे मानू नका.

प्रश्नकर्ता : लॉक केले. नेमके काय गेले, याची यादी लेखी मागितली आहे. भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जात वारस म्हणून आईचे नाव आहे. तिलाही आज सांगतो.